बाणकोट खाडी ते रेडी: गाडीत आणि वाडीत मुक्काम (प्रकल्प नोंदी)

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार. मार्ग

रेवस ते रेडी हा सगळा सागरी महामार्ग सहा दिवसांत उरकायचा विचार आज सोडला. उरकता येतो, पण मग गाडीतून उतरणं होत नाही. अलिबाग-मुरूडचा पट्टा वगळला. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करून बागमांडला, तिथून फेरीबोटीने बाणकोट खाडीपलीकडे वेसवी, आणि मग किनारा धरून दक्षिणेला रेडीपर्यंत. परतीला सावंतवाडी, आंबोली, कोल्हापूर. एकूण हजार किलोमीटरच्या आसपास.

या रस्त्यावर किलोमीटर मोजून दिवस आखला की फसगत ठरलेली. सडा (कातळाचं पठार) चढायचा, पलीकडे उतरून खाडी ओलांडायची की पुन्हा चढ. रस्ता बऱ्याच ठिकाणी एकेरी, समोरून एसटी आली की मागे घेऊन जागा द्यायची. सरासरी ताशी २५ किलोमीटर धरली. जेवण आणि थांबे धरून दिवसाला शंभर-सव्वाशेच्या वर काही ठेवायचं नाही. म्हसळ्यापर्यंतचा पहिला आणि आंबोलीनंतरचा शेवटचा टप्पा एवढाच अपवाद.

मुक्काम: केळशी, वेळणेश्वर, कशेळी, कुणकेश्वरच्या पुढे मिठबाव, भोगवे. पाच रात्री. चौघे माणसं, दोघे गाडीत झोपणार, दोघे तंबूत.

२४ नोव्हेंबर, रविवार. तारखा आणि पाण्याची वेळ

तारखा पंचांग पाहून ठरवल्या. वाटेत तीन फेरीबोटी आहेत: बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. अगदी ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो, त्यावर शेवाळ असतं, आणि मागे वजन भरलेल्या गाडीचं बूड बोटीच्या फळीवर घासतं. उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास) भरती-ओहोटीतला फरक मोठा, भांगाला (अष्टमीच्या आसपास) कमी. म्हणून भांगाचे दिवस निवडले: २० ते २५ जानेवारी २०२५, पौष वद्य षष्ठी ते एकादशी. सोमवारी निघून शनिवारी परत, म्हणजे २६ जानेवारीच्या गर्दीच्या उलट दिशेने प्रवास.

भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशोब: तिथीची पाऊणपट. षष्ठीला ६ × पाऊण = साडेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती. सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात. त्यापुढे सहा तासांनी सुकती (ओहोटी) संपते. हा हिशोब बंदराबंदराला पुढेमागे होतो, म्हणून दोन्ही बाजूंना एक तासाची फट ठेवायची आणि निघण्याआधी छापील कोष्टकाशी ताडून पाहायचं. यावरून वेळा ठरल्या: बागमांडला सोमवारी दुपारी दोनला (पाणी चढतं, निम्म्याच्या वर), दाभोळ मंगळवारी तीनला, तवसाळ बुधवारी सकाळी नऊला, सुकती अर्ध्यावर असताना. बाकी सगळं या तीन वेळांच्या भोवती बसवलं.

१ डिसेंबर, रविवार. झोपायचा पाट

गाडी सात आसनी, पुढच्या चाकांवर चालणारी. तिसरी रांग पाडून मागे जो सपाट मजला होतो त्यावर पाट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीत कायमचा बदल टाळला: एकही भोक पाडलं नाही, एकही आसन काढलं नाही. पाट सुटा, गाडीत मुळात असलेल्या कड्यांना पट्ट्यांनी बांधलेला.

मापं: लांबी १८५० मिमी, रुंदी १००० मिमी, मजल्यापासून उंची २४० मिमी. दोन तुकडे, मागचा ९५० आणि पुढचा ९००, मध्ये सलग लांब बिजागरी. प्रवासात पुढचा तुकडा मागच्यावर दुमडायचा, म्हणजे मधली रांग बसायला मोकळी. रात्री मधली रांग पुढे पाडायची, पुढच्या खुर्च्या सरकवायच्या आणि तुकडा उलगडायचा. त्याखाली दोन घडीचे पाय.

प्लाय १२ मिमीचा, बीडब्ल्यूपी दर्जाचा, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारा (आयएस ७१०). चौकट २५ × २५ मिमी ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीची, भिंत दीड मिमी, सुमारे १४ मीटर लागली. आधी ९ मिमी प्लाय घेऊन पाहिला होता: वजन चार किलोने कमी, पण मधे आधार नसताना एक माणूस कुशीवर वळला की फळी वीस मिमी खचते आणि दुसरा जागा होतो. १२ मिमी आणि मधोमध एक आडवी नळी, हे जमलं. सगळं मिळून वजन २३ किलो.

८ डिसेंबर, रविवार. कुरकुर

पाट बसवून खराब रस्त्यावर चाळीस किलोमीटर फिरवला. कुरकुर दोन जागांहून: चौकट प्लायला जिथे टेकते तिथून, आणि दुमडलेल्या तुकड्याच्या मोकळ्या कडेतून. पहिलीला ३ मिमी रबरपट्टी चिकटवली, दुसरीला २५ मिमीचा पट्टा. पट्ट्याची कळ फार ओढायची नाही. आज एक नळी त्यामुळे वाकली. दोन बोटं आत जातील इतका ताण पुरे.

प्लायच्या कापलेल्या कडा अजून उघड्या आहेत. पृष्ठभागावर पीयूचे (पॉलियुरेथेनच्या लेपाचे) दोन हात झाले. कडा पुढच्या आठवड्यात.

२२ डिसेंबर, रविवार. वीज

रोजचा खप मोजला: दोन पंखे ५ वॅटचे, आठ तास, ८० वॅट-तास. दिवे ६ वॅट, चार तास, २४. चार फोन, ६०. विजेऱ्या आणि कॅमेरा, २०. एकूण १८४. त्यासाठी १२.८ व्होल्ट ३० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, ३८४ वॅट-तास. ८० टक्के वापरली तर ३०७. गाडी एक दिवस हललीच नाही तरी रात्र निभते.

चार्जिंगसाठी इंजिनापासून जाड वायर ओढण्याचा मोह होता. नको म्हटलं. गाडीच्या वायरिंगला हात लावला की वॉरंटीचा प्रश्न येतो, आणि चार माणसांना एवढी वीज लागतही नाही. डॅशबोर्डच्या सॉकेटचा फ्यूज १० अँपिअरचा. त्यावर ८ अँपिअरचा चार्जर लावला. चार तासांच्या प्रवासात गळती जाऊन ३५० वॅट-तासांच्या आसपास मिळतात. सॉकेटचा फ्यूज उडतो म्हणून १५ किंवा २० चा घालणारे पुष्कळ दिसतात. फ्यूज वायरच्या जाडीला धरून दिलेला असतो. तो वाढवला की आधी वायर वितळते. टायरमध्ये हवा भरायचा पंप १४ अँपिअर ओढतो, म्हणून तो सॉकेटवर चालवायचा नाही. इंजिन चालू ठेवून चिमट्यांनी थेट गाडीच्या बॅटरीवर.

बॅटरीजवळ, धन टोकापासून वीतभर अंतरात, १५ अँपिअरचा फ्यूज. जोडण्यांवर पेट्रोलियम जेली.

५ जानेवारी २०२५, रविवार. एका रात्रीची चाचणी

गाडीत दोघे, काचा बंद: पहाटे छतापासून गादीपर्यंत ओल. दोन माणसं झोपेत अर्ध्या लिटरच्या आसपास वाफ सोडतात. ती गार काचेवर जमणारच. समोरासमोरच्या दोन काचा तीन बोटं उघड्या ठेवून त्यांवर जाळी लावल्यावर ओल फक्त मागच्या काचेवर उरली. जाळी काचेच्या बाहेरून दरवाज्यावर मोज्यासारखी चढवायची, खाली पट्टी शिवून. चुंबकाच्या पट्ट्या करून पाहिल्या, दार आपटलं की सुटतात.

गादी ५० मिमी फोमची, तीन घड्यांची. खाली प्लायला थेट लागली की उलट बाजूने ओलावते. रोज सकाळी उभी करून ठेवायची.

गाडीत शेगडी पेटवायची नाही. मागचं दार उघडं ठेवूनही नाही.

१२ जानेवारी, रविवार. वजन

आरसी पुस्तकात गाडीचं रिकामं वजन आणि कमाल वजन दोन्ही असतं. फरक म्हणजे भार. आमच्या गाडीत ५२० किलो. हिशोब किलोत: माणसं २८०, पाट २३, पाणी ४०, कपडे-अंथरूण २४, शिधा १६, भांडी-शेगडी १४, हत्यारं आणि फावडं १२, बर्फाची पेटी ९, तंबू ६, बॅटरी ४. बेरीज ४२८. छतावर काही नाही. वळणावळणांच्या घाटात छतावरचं वजन गाडी कलंडवतं, आणि वाडीत शिरताना खाली झुकलेली झावळ अडकते ते वेगळंच.

पाणी सर्वात जड, म्हणून सर्वात खाली आणि मधल्या रांगेच्या अगदी मागे. वीस लिटरचे दोन उभे कॅन पाटाखाली मावत नाहीत. १० लिटरचे बसके चार घेतले, १९० मिमी उंचीचे. झाकण वरच्या अंगाला राहील असेच ठेवायचे, आणि झाकणातलं रबर तपासायचं. चारातल्या एकाला ते नव्हतंच.

टायरमध्ये हवा दारावरच्या पट्टीत पूर्ण भारासाठी दिली आहे तेवढी: पुढे ३३, मागे ३६ पीएसआय.

गॅस: कॅसेट शेगडी, २३० ग्रॅमच्या डब्यांवर चालणारी. चहा, भात, आमटी, एक भाजी, चौघांना दोन वेळ. दिवसाला एक डबा. सात घेतले. डाळ-तांदळाला उकळी आली की पाच मिनिटांनी भांडं उतरवून जुन्या गोधडीत गुंडाळून अर्धा तास ठेवायचं, शिजून येतं. वारा अडवायला पत्र्याचा आडोसा फक्त बर्नरच्या बाजूने. शेगडीला चारही बाजूंनी वेढलं तर डबा तापतो, आणि तो तापलेला डबा फुटू शकतो.

२० जानेवारी, सोमवार. पुणे ते केळशी

सकाळी सहाला निघून बागमांडल्याला दुपारी पावणेदोन. धक्क्यावर रांग छोटी. पाणी हिशोबाप्रमाणे चढतं, उतार सौम्य. चढताना चालक सोडून सगळे खाली उतरले: गाडीचं बूड तेवढंच वर राहतं, आणि एक माणूस पुढे उभा राहून चाकांची दिशा सांगतो. काही बोटींवर गाडी उलटी, मागे घेत चढवावी लागते. बोटीवरच्या माणसाच्या हाताकडे पाहायचं, आरशात पाहून स्वतःचा अंदाज लढवायचा नाही. चढल्यावर इंजिन बंद, पहिला गिअर, हातब्रेक. गॅसचा डबा शेगडीतून काढून ठेवलेला असावा.

वेसवीहून केळशीकडे जाताना फोनवरच्या नकाशाने जवळची वाट दाखवली ती साकवावरून होती. साकवावरून माणूस आणि फार तर दुचाकी जाते. या पट्ट्यात नकाशाने सुचवलेली पाच-दहा मिनिटांची बचत घ्यायची नाही, नाक्यावर विचारायचं.

मुक्काम नारळ-पोफळीच्या वाडीत, घरच्यांना विचारून. किनाऱ्यावर तंबू लावला नाही आणि लावूही नये. केळशी, वेळास, आंजर्ले, गुहागर हे ऑलिव्ह रिडले कासवांचे किनारे. नोव्हेंबरपासून माद्या अंडी घालायला रात्री वर येतात. दिवा दिसला की मादी तशीच परत फिरते. पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूत) जायचं तर विजेरी न लावता, वन खात्याच्या कुंपणापासून लांबून.

वाडीत जागा मागायची रीत: दिवस मावळायच्या आत, गाडी रस्त्यावर ठेवून, पायी अंगणापर्यंत. “काकी, रात्रीपुरता अंगणाच्या कडेला तंबू लावला तर चालेल का? चूल पेटवणार नाही, सकाळी जाऊ.” विहीर कुठली वापरायची, संडास कुठला, हे त्याच वेळी विचारून घ्यायचं. विहिरीजवळ चपला काढायच्या, साबण दूर. पैसे आधी विचारावेत. घेतले नाहीत तर निघताना जबरदस्ती न करता घरच्याच आमसुलांची, कुळथाच्या पिठाची खरेदी करावी.

माडाखाली तंबू नको. नारळापेक्षा सुकी झावळ जास्त वेळा पडते, आणि ती तंबूचा कणा मोडते. दोन माडांच्या मधली जागाही झावळीच्या टप्प्यात येते. वर पाहून मोकळं आभाळ दिसेल तिथेच. ओंबिलांचं पानांचं घरटं जवळच्या आंब्यावर आहे का तेही पाहायचं, तंबूची दोरी त्या झाडाला बांधली की रात्रभर मुंग्यांची वाट तीच.

२१ जानेवारी, मंगळवार. केळशी ते वेळणेश्वर

पहाटे तंबूचा बाहेरचा पडदा पाण्याने निथळत होता. पाऊस नसतो म्हणून जानेवारीत वरचा पडदा घरी ठेवणारे इथे भिजतात. दंव पावसाइतकंच ओलं. आतल्या आणि बाहेरच्या कापडात वीतभर अंतर हवं. जिथे दोन्ही चिकटले होते, नेमकी तिथेच उशी भिजली.

वाऱ्याची दिशा दिवसातून दोनदा बदलते. दुपारनंतर खारा वारा वायव्येकडून, जोराचा. मध्यरात्रीनंतर मतलई वारा जमिनीकडून, हलका आणि गार. तंबूची अरुंद बाजू वायव्येला आणि दार आग्नेयेला, म्हणजे संध्याकाळी कापड फडफडत नाही आणि रात्री हवा खेळती राहते.

हर्णैला मासळी बाजार. लिलाव मोठ्या वाट्यांचा असतो, चौघांसाठी तिथे बोली लावण्यात अर्थ नाही. बाजूला बसलेल्या बायकांकडून किरकोळ घ्यायची, साफ करूनही देतात. बांगडे आठ, तिथेच चार किलो बर्फ. आमच्या २० लिटरच्या पेटीत तेवढा बर्फ दिवसभर पुरतो, दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी. म्हणून नियम सोपा: मासळी त्याच रात्री खायची, बर्फ पुढे फक्त दुधासाठी. पेटीची तोटी उघडी राहिली तर मासळीचं पाणी पाटाखाली साठतं आणि वास महिनाभर जात नाही.

दाभोळ धक्का दुपारी तीनला, अडचण काही नाही. डिझेल दापोलीत भरलं. टाकी निम्म्यावर आली की पुढच्या तालुक्याच्या गावी भरायचीच: दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला.

२२ जानेवारी, बुधवार. वेळणेश्वर ते कशेळी

तवसाळ धक्का सकाळी ९:१०. सुकती चालू, उतार बाणकोट खाडीच्या धक्क्यापेक्षा उभा होता. गाडी तिरपी न नेता सरळ चढवली, तरी मागे टोईंग हुकाची कड फळीला लागली. कारण तपासल्यावर कळलं: पाण्याचे चारही कॅन नुकतेच भरलेले आणि मागच्या दाराशी ठेवलेले. ते पुढे सरकवल्यावर जयगडला उतरताना घासलं नाही. चाळीस किलो अर्धा मीटर पुढे सरकण्याने इतका फरक पडतो. पाणी फेरीबोटीच्या आधी नव्हे, नंतर भरावं.

पुढे मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी, भाट्ये, पावस, पूर्णगड. गणपतीपुळ्याला पाण्यात उतरलो नाही. तिथला तळ एकदम खोल होतो आणि ओढ असते. खाडीच्या मुखाशी तर ओहोटीत कुठेच उतरू नये, खाडीचं सगळं पाणी तिथूनच समुद्राकडे खेचलं जातं.

कशेळीचा मुक्काम सड्याच्या कडेला, एका घराच्या आवारात. जांभ्यात खुंटी जात नाही. लोखंडी खुंट्या दोन वाकल्या, तिसरीनंतर नाद सोडला. घरामागे जांभ्याचे चिरे रचलेले होते, ते मागितले. एक चिरा तीसेक किलोचा. दोरी त्याभोवती गुंडाळून चार कोपऱ्यांना चार चिरे. खुंटीपेक्षा पक्कं. दोरीखाली फडकं घालायचं, जांभा खरखरीत, रात्रभरात दोरी कुरतडतो.

सड्यावर फुरसं असतं. लहान, मातीच्या रंगाचं, दगडाखाली बसणारं. अंधारात अनवाणी चालायचं नाही, चिरा उचलताना आधी काठीने हलवायचा आणि हात खाली न घालता कडेने धरायचा, बूट झटकून घालायचे. चावलंच तर चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, अवयव हलवू न देता १०८ ला फोन आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात. सर्पदंशाची लस कुठे ठेवलेली आहे हे मुक्कामाच्या गावात पोचल्यावरच विचारून ठेवलं होतं, रोज विचारतो.

सड्यावर गाडी घालू नये. कशेळीच्या कातळावर हत्तीची भव्य आकृती कोरलेली आहे. रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात अशी कातळशिल्पं विखुरलेली आहेत, कित्येकांना कुंपण नाही. २०२२ मध्ये त्यांतली काही युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. खोदरेघा मातीने भरलेल्या असतात, गाडीतून दिसतच नाहीत, आणि चाकाखाली कड तुटली तर ती कायमची. हजारो वर्षं पाऊस सोसलेलं काम आहे ते. गाडी डांबरावर ठेवून चालत जावं.

२३ जानेवारी, गुरुवार. कशेळी ते मिठबाव

आंबोळगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर. वाघोटण खाडीसाठी किनारा सोडून आत जाऊन पुलावरून यावं लागतं. नकाशात विजयदुर्ग समोर दिसतो तरी दीड तास धरावा.

देवगड तालुक्यात हापूसच्या बागा मोहोरलेल्या. या दिवसांत फवारणी चालू असते. कलमांखालची जागा सावलीची, सपाट, झाडलेली, तंबूसाठी हात धरून बोलावणारी. तरीही तिथे मुक्काम करू नये. पानांवरचं औषध दंवाबरोबर रात्री खाली ठिबकतं, तंबूवर, भांड्यांवर. “बागेत फवारणी कधी झाली?” हा प्रश्न विचारून मग जागा ठरवायची. आम्ही बागेपासून दूर, काजूंच्या पलीकडे वरकस जमिनीवर लावला.

सुरूच्या बनात शेगडीही नको. खाली सुयांचा वीतभर थर, वाऱ्यावर एक ठिणगी पुरते. कांदळवनातलं लाकूड तर वाळकं असलं तरी उचलायचं नाही, तो संरक्षित भाग आहे.

एका पंख्याची जोडणी आज तुटक झाली. प्लगमध्ये हिरवट थर: खाऱ्या हवेत तीन दिवसांत तांब्यावर हे चढतं. जेली फक्त बॅटरीच्या टोकांना लावली होती, बारीक प्लग राहिले होते. घासून, जेली लावून चालू.

२४ जानेवारी, शुक्रवार. मिठबाव ते भोगवे

आचरा, मालवण, मग कर्ली ओलांडून परुळे, भोगवे. उतरणीच्या एकेरी रस्त्यावर टेम्पोला वाट देताना डावी दोन्ही चाकं सिमेंट सोडून पुळणीत गेली. पुढचं चाक फिरून एक वीत रुतलं. क्रम असा:

पहिलं, ॲक्सिलरेटर सोडायचा. प्रत्येक फेऱ्याला चाक खाली जातं आणि बूड वाळूवर टेकलं की काम तिप्पट. दुसरं, माणसं आणि पाणी उतरवायचं. तिसरं, रुतलेल्या चाकांपुढची वाळू उतार होईल अशी उपसायची, चाकाच्या रुंदीची, हातभर लांब. चौथं, चारही टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत. टायर लांब पसरतो, वाळूवरचा दाब कमी होतो. पाचवं, चाकापुढे फळी. आमच्याकडे पाटाचे घडीचे पाय आणि पायपुसणी होती, घरातल्यांनी दोन वासे दिले. सहावं, दुसऱ्या गिअरमध्ये, सुकाणू सरळ, सावकाश. दुसऱ्या प्रयत्नात निघाली, वीस मिनिटांत. हवा परत भरल्याशिवाय वेगाने जायचं नाही, १८ वर वळणात टायर रिममधून सुटू शकतो. पंपाने चार टायरना २५ मिनिटं.

भोगव्याला तंबू पुळणीच्या मागे, मर्यादवेलीच्याही आत. नावच सांगतं: समुद्राची मर्यादा तिथे संपते. ती तुडवायची नाही, वाळू तिनेच धरलेली असते. पहाटे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतात, तेव्हा दोर लांबपर्यंत जमिनीवर सरकतात. त्यांच्या वाटेत काही ठेवायचं नाही. खुंट्या वाळूत टिकत नाहीत म्हणून कापडी पिशव्या वाळूने भरून, दोरी बांधून, हातभर खोल पुरल्या. रात्रभर एकही हलली नाही.

२५ जानेवारी, शनिवार. परत

वेंगुर्ला, शिरोडा, रेडी, मग सावंतवाडीहून आंबोली. घाट चढताना एसी बंद, दुसरा-तिसरा गिअर, इंजिनाचं तापमान निम्म्यावर. समोरून शनिवारची गर्दी उतरत होती. रात्री नऊला पुण्यात. गॅसचे डबे पाच संपले, दोन उरले. कचरा दोन पिशव्या, सगळा परत आणलेला.

२६ जानेवारी, रविवार. धुणं

गाडी खालून गोड्या पाण्याने वीस मिनिटं, चाकांच्या कमानी, दारांच्या खालची निचऱ्याची भोकं टाचणीने मोकळी. तंबूच्या चेन साध्या पाण्याने धुऊन, वाळल्यावर मेणबत्ती घासली. मीठ राहिलं की पुढच्या वेळी चेनचे दात पांढरे पडून अडकतात.

पाट सुटा केल्यावर दिसलेलं: प्लायच्या मागच्या कडेचा थर दोन मिमी फुगला, कारण ८ डिसेंबरला पुढे ढकललेलं कडांचं काम झालंच नाही. साध्या लोखंडी स्क्रूंवर सहा दिवसांत गंज. स्टीलचे जे चार बोल्ट वापरले होते त्यांच्याभोवती ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी: खाऱ्या ओलीत दोन धातू एकमेकांना लागले की त्यांतला जास्त क्रियाशील धातू, इथे ॲल्युमिनियम, झिजतो.

९ फेब्रुवारी, रविवार. दुरुस्ती

फुगलेली कड १५ मिमी कापून काढली. पाट आता ९३५ अधिक ९००. सगळ्या कडांना इपॉक्सीचे दोन हात, मध्ये आठ तास. २८ स्क्रू बदलून ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे, ॲल्युमिनियमला लागतात तिथे नायलॉनचे वॉशर वर-खाली दोन्हीकडे. पाण्याचे कॅन मागे सरकू नयेत म्हणून मजल्यावर आडवी नळी, मधल्या रांगेपासून २६० मिमीवर. घडीच्या पायांऐवजी वाळूसाठी खऱ्या फळ्या दोन, ९०० × २५० मिमी, त्याच १२ मिमी प्लायच्या, खाली पट्ट्या मारलेल्या; पाटाच्या दुमडलेल्या तुकड्यांच्या मधल्या फटीत बसतात. बारीक प्लग काढून टाकले, त्यांच्या जागी रबरी टोपीचे. पंखा क्रमांक दोनचा स्विच अजून अडतो, तो बाकी.